फुगणाऱ्या लाकडावरची नक्षी

देहूच्या माणसाने मासेमारीच्या होडीवर पुस्तक लिहावं, हे ऐकून गावातल्या जाणत्यांच्या भुवया उंचावल्या असतील तर त्यात त्यांचं काही चुकलं नाही. इथल्या इंद्रायणीच्या डोहातला मासा कुणी धरत नाही. डोहातले महाशीर देवाचे म्हणून राखलेले. लोक त्यांना कणकेच्या गोळ्या घालतात आणि एखादा मोठा मासा वर आला की हात जोडतात. तेव्हा खुलासा आधीच करतो: या पुस्तकातली होडी देहूच्या घाटावर कधी उतरलेली नाही. लेखक चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला पवना किंवा भामा आसखेडच्या जलाशयावर जातात, तेही तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारून. धरणातली मासेमारी आपल्याकडे ठेक्याने सहकारी संस्थांकडे असते, हे हौशी माणसाला बहुधा पहिल्या भांडणातूनच कळतं.

दुसरा खुलासा असा की हे खरं म्हणजे होडीचं पुस्तकच नाही. बारा फुटी प्लायवूडची होडी घरच्या घरी कशी उभी करायची, ते लेखक सुरुवातीलाच उरकतात. पुढचं सगळं पुस्तक त्या होडीवरच्या लाकडी सामानाचं आहे: बसायची आडफळी, नाळेतली, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकातली, तिकोनी फळी, सुकाणूचा दांडा, गळाची काठी रोवायचा ठोकळा, आमिषाची पेटी, नावाची पाटी. आणि यातल्या प्रत्येक वस्तूवर जडावकाम.

इथे माझा संबंध येतो. माझी सगळी नोकरी पॅटर्नशॉपमध्ये झाली. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणाऱ्या माणसाकडे नक्षीच्या पुस्तकाची प्रस्तावना मागायला लेखक आले, तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. हस्तलिखित वाचल्यावर वाटेनासं झालं. जडावकाम आणि होडी यांचं मुळात पटत नाही. जडावकामाला लाकूड जागच्या जागी हवं असतं आणि होडीतलं लाकूड कधीच जागच्या जागी राहत नाही. हे न पटणं नीट समजून घेतलं, तर लाकडाबद्दल जे काही शिकायचं ते बरंचसं शिकून होतं. पुस्तकाची खरी किंमत मला त्यात दिसते. नक्षी सुंदर आहे हे वरचं.

नवख्या वाचकासाठी थोडं मागून सुरू करतो. जडावकाम म्हणजे एका लाकडात दुसरं लाकूड, धातू, शिंपला किंवा हाड असं बसवायचं की वरून हात फिरवला तर बोटाला सांधा लागू नये. देहूत वाढलेल्या कुणालाही लाकडात बसवलेलं पितळ चिपळ्यांमध्ये रोज दिसतं. पण तिथे चकत्या खाचेत मुद्दाम सैल ठेवलेल्या असतात. सैल असतात म्हणून वाजतात. जडावकामाला नेमकं हेच चालत नाही.

करण्याच्या रीती मुख्यतः तीन. पहिलीत जाड फळीत पटाशीने घर खोदतात आणि त्या मापाचा तुकडा त्यात दाबून बसवतात. दुसरीत फळीला हात लावत नाहीत. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचं चित्र आधी जुळवतात आणि मग ते अख्खं चित्र फळीवर चिकटवतात. इटलीतल्या उर्बिनोच्या ड्यूकच्या अभ्यासिकेत १४७० च्या दशकात लाकडाच्या तुकड्यांतून अर्धी उघडी कपाटं, पुस्तकं, वाद्यं अशी दाखवली की बघणारा कपाटाचं दार लावायला हात पुढे करील. फ्रान्समध्ये आंद्रे शार्ल बूल याने कासवाची पाठ आणि पितळ यांची जोडी जमवली आणि त्या कामाला पुढे त्याचंच नाव पडलं. युरोपातल्या फर्निचरचा इतिहास बराचसा या दुसऱ्या रीतीचा आहे.

तिसरी रीत आपल्या जास्त जवळची आणि माझ्या मते सगळ्यांत डोकेबाज. हस्तिदंत, हाड, शिंग, चंदन, शिसवी, कथील अशा निरनिराळ्या वस्तूंच्या सडपातळ तिकोनी काड्या करायच्या. त्या ठरावीक क्रमाने एकत्र चिकटवून, दोऱ्याने करकचून बांधून त्यांची जुडी करायची. मग जुडीचे आडवे, कागदासारखे पातळ काप काढायचे. प्रत्येक कापावर तीच चांदणी येते. एका जुडीतून शेकडो चांदण्या निघतात आणि त्या पेटीच्या झाकणावर शेजारी शेजारी चिकटवतात. इराणात याला खातम म्हणतात. शिराजकडून सिंधमार्गे हे काम सुरतेला आलं आणि सुरतेहून मुंबईला. गुजरातेत त्याचं नाव साडेली. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या पेट्यांना तिकडे ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणत. भायखळ्याच्या संग्रहालयाचं काम पाहिलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली हिंदुस्थानातल्या हस्तकलांवर ग्रंथ लिहिला, त्यातही या कामाला जागा आहे.

या पेट्यांचं पुढे काय झालं हे होडीवाल्याने लक्षात ठेवावं. विलायतेतल्या शेकोटीच्या कोरड्या खोल्यांत खालचं लाकूड आटलं, वरचं हाड आणि कथील आटलं नाही, आणि चांदण्या उचकटू लागल्या. जुन्या पेट्यांची डागडुजी करणाऱ्यांचा बराच वेळ आजही हे तुकडे परत बसवण्यात जातो. समुद्रापासून दूर, काचेच्या कपाटात ठेवलेल्या वस्तूची ही गत, तर होडीचं काय होणार?

महाराष्ट्रात जडावकाम आज जिवंत आहे ते मिरजेत, तंबोरा आणि सतारीच्या अंगावर. शस्त्रांना पाणी देणारे, धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले आणि सतारमेकर झाले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा आणि दांडी तुणीच्या लाकडाची. पूर्वी तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या फळीच्या, कडेला हस्तिदंत आणि सांबरशिंग बसवत, आता बहुतेक सेल्युलॉइड असतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्यातला जडाव मला होडीच्या दृष्टीने जास्त शिकवणारा वाटतो, कारण वाद्यही हलतं: तारांचा ताण आणि पावसाळी हवा त्याला सतत छळतात. तुकडे लहान आणि पातळ, कडेला बारीक पट्टी, मधे मोठा सलग तुकडा टाळलेला. मिरजेच्या कारागिराला हे कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही.

म्हैसूरचं शिसवीवरचं काम याहून वेगळं. तिथे चित्र मोठं असतं, हत्ती, झाडं, दरबार, आणि फळी भिंतीवर लावायची असते. हस्तिदंतावर बंदी आल्यावर तिथल्या कारागिरांनी रंगीत लाकडांवर आणि प्लास्टिकवर भागवलं. सावंतवाडीचं नाव या यादीत अनेकजण घालतात, ते चुकीचं आहे. सावंतवाडीची ख्याती रंगकाम आणि लाखकामाची, गंजिफांची. लाकडात लाकूड बसवण्याची नव्हे.

आता होड्या. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन शिडांचं जहाज रंगवलेलं आहे आणि त्याच्या नाळेवर डोळा आहे. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांची लढाऊ जहाजं कोरलेली आहेत. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने गोदीत सागवानी जहाजं बांधली. त्यातलं १८१७ सालचं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. त्याच्या नाळेवर पागोटंवाल्या पुरुषाची लाकडी मूर्ती आहे. आखाती बघला जहाजांच्या मागच्या बाजूला इतकं कोरीव काम असे की दिवाणखाना वाटावा. आपल्या कोळ्यांच्या होड्या नारळी पौर्णिमेला रंगून निघतात. रत्नागिरी-मालवणकडे एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं लाकूड, लावलेल्या अरुंद होड्या, एकाच खोडातून कोरलेल्या पगारी, सातपाटी-वर्सोव्याच्या मोठ्या बोटी, सगळ्यांत काही ना काही शोभा केलेली असते.

पण शोभा कोणती? कोरलेली, नाही तर रंगवलेली. जडवलेली नाही. साडेली आणि जहाजबांधणी दोन्ही सुरतेहून मुंबईला आल्या, दोन्हींत पारशी हात होते, तरी एक दिवाणखान्यात गेली आणि दुसरी गोदीत. याचं कारण मला तरी लाकडाच्या वागण्यात दिसतं. कोरलेली नक्षी एकाच लाकडाची असते. लाकूड फुगलं की नक्षीही त्याच्याबरोबर फुगते, आटलं की आटते, भांडण नाही. रंग दरवर्षी खरवडून नवा देता येतो. जडावात मात्र दोन परक्या वस्तूंना एका घरात राहायला सांगितलेलं असतं. शिवाय कामाच्या होडीला काजूच्या टरफलांचं तेल, माशाचं तेल, चुना असे थर बसतात; त्यांच्याखाली कुठली चांदणी दिसणार?

लेखकांची होडी कामाची आणि हौसेची यांच्या मधली आहे, म्हणून त्यांना हा प्रयोग सुचला. घरी होडी बांधण्याची हौस जगात फोफावली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, पाण्याला टिकणारं प्लायवूड आणि डिंक स्वस्त झाल्यावर. इंग्लंडमध्ये १९६२ साली ‘मिरर’ नावाची छोटी शिडाची होडी निघाली. तिचे प्लायवूडचे भाग तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे आणि सांध्यांवर काचेच्या कापडाची पट्टी रेझिनने चिकटवायची. घरातल्या गॅरेजमध्ये कारकून-शिक्षकांनी अशा हजारो होड्या बांधल्या. फळ्या शिवण्याची कल्पना आपल्या किनाऱ्याला जुनी. काथ्याने शिवलेली जहाजं अरबी समुद्रात शतकानुशतकं फिरली. अजिंठ्याच्याच चित्रावरून गोव्यातल्या होडी इनोव्हेशन्सने बांधलेलं शिवलेलं जहाज ‘कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं, तेव्हा वर्तमानपत्रांत या विद्येची बरीच चर्चा झाली. गोड्या पाण्याची परंपराही पुण्याला नवी नाही. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबचा रेगाटा १९२८ पासून चालू आहे. खरी मासेमारी मात्र खाली, उजनीच्या पाण्यावर. आपली इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि ते पाणी पुढे भिगवणला भोई मंडळींच्या होड्यांखालून जातं.

हे सगळं झालं तरी या पट्ट्यातल्या लाकूडकामाचा जो वारसा मला सगळ्यांत जवळचा वाटतो, त्याचा उल्लेख कलेच्या कुठल्याच इतिहासात नसतो. पिंपरीत १९५४ साली अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मोठमोठे वाहन कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग भोसरी-चिंचवडमध्ये फाउंड्र्या. इंजिनाचा एकेक भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न लागतो. सागवानाचे तुकडे उलटसुलट रेषांनी चिकटवून, म्हणजे एकाची ओढ दुसऱ्याने खावी अशा बेताने, आम्ही तो घडवत असू. वाळूतून पॅटर्न अलगद वर निघावा म्हणून त्याच्या उभ्या भिंतींना अंश-दोन अंश उतार द्यायचा, त्याला ड्राफ्ट म्हणतात. ओतलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्का आटतं, म्हणून आमची मोजपट्टीच एक टक्का लांब असते. अशी पट्टी हातात असताना माणूस सतत विचार करतो की वस्तू आज किती आहे यापेक्षा उद्या किती राहील. जडावकामालाही हेच लागतं.

तो ड्राफ्टही इथे जसाच्या तसा कामाला येतो. पुस्तकातलं हे काम मी स्वतः करून पाहिलं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. तीन मिलिमीटर जाडीची शिसवीची पट्टी घ्या आणि तिच्याखाली तेवढ्याच जाडीची हेदूची, पिवळट रंगाची. दोन्ही एकत्र धरून नक्षीच्या बारीक करवतीने पान कापायचं आहे. करवत सरळ धरली तर पात्याच्या जाडीएवढी फट चहूबाजूंनी राहते. करवतीचं टेबल कलतं केलं तर वरचा तुकडा खालच्या भोकात शिरताना पाचरीसारखा दाटत जातो आणि फट बुजते. किती कलतं? पात्याने खाल्लेली जाडी भागिले लाकडाची जाडी, आणि त्या गुणोत्तराचा कोन. पातं ०.४ मिलिमीटर खात असेल तर साडेसात अंशांच्या थोडं वर. मी आठ अंशांवर लावलं, तुकडा केसभर वर राहिला, मागून रंधा फिरवून तो समतल केला. सांधा शोधायला चष्मा लागला. दोन्ही पट्ट्यांच्या रेषा मात्र एकाच दिशेला हव्यात, आणि याचं कारण पुढे आहे.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. हलतं ते रुंदीत. ओल्याचं पूर्ण कोरडं होताना सागवान वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्यापासून सालीकडे सुमारे २.५ टक्के आटतं. सागाला आपण उगीच डोक्यावर घेत नाही; बऱ्याच लाकडांपेक्षा हे आकडे कमी आहेत. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आपल्या भागात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-तीस टक्क्यांवर येते आणि जुलैत नव्वदीला भिडते. लाकडातली ओल त्याबरोबर आठेक टक्क्यांनी वरखाली झाली, तर दहा सेंटीमीटर रुंदीची फळी दीड मिलिमीटर रुंद होते. तिच्यावर आडवी बसवलेली पट्टी स्वतःच्या लांबीत काही वाढत नाही. मग एक तर पट्टी चिकटलेली जागा सोडते, नाही तर फळी तडकते. होडीत यात भर म्हणून एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऊन. लोक मला सांगतात की जुन्या वाड्याचं शंभर वर्षांचं सागवान आहे, ते आता हलणार नाही. हलतं. शंभर वर्षांत त्याचा ताण गेलेला असतो, हवेशी देवघेव थांबलेली नसते.

लेखकांच्या आडफळीवरची मोजपट्टी हा या गणिताचा सगळ्यांत देखणा वापर आहे. धरलेला मासा सोडून देण्याआधी मोजता यावा म्हणून बसायच्या फळीवरच ६० सेंटीमीटरची पट्टी जडवलेली आहे. लांब धाव शिसवीची, फळीच्या रेषांना समांतर, त्यामुळे दोन्ही लाकडं बरोबरीने फुगतात. सेंटीमीटरच्या आडव्या खुणा हेदूच्या, जेमतेम १२ मिलिमीटर लांब. एवढ्याशा लांबीत फळी दोन दशांश मिलिमीटरही हलत नाही आणि तेवढं डिंक सोसतो. दर दहा सेंटीमीटरवर पितळेची बारीक सळई उभी ठोकून समतल घासलेली. एकही तुकडा निव्वळ शोभेचा नाही, तरी पट्टी पाहिली की हात फिरवावासा वाटतो. आमची पॅटर्नवाल्यांची पट्टी इथे चालणार नाही, हे गमतीने सांगतो: तिच्यावर मासा एक टक्का लहान भरतो आणि असा तोटा कुठलाही गळवाला सहन करणार नाही.

डिंकाबद्दल पुस्तकात जे आहे ते मला पटलं. जुना सरस ओलीत विरघळतो, म्हणून मिरजेला चालत असला तरी होडीला चालत नाही. फेव्हिकॉल १९५९ पासून प्रत्येक सुताराच्या हातात आहे, पण साधा पांढरा फेव्हिकॉल बुडणाऱ्या लाकडाला नको. पाण्याला टिकणारा प्रकार घ्यावा किंवा इपॉक्सी. इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते आणि भुगा होते, तिच्यावर वार्निश हवंच. होडीच्या अंगाला आयएस ७१० चं मरीन प्लाय, आणि फळ्यांची कापलेली टोकं आधी बंद करायची, कारण लाकूड पाणी पितं ते टोकांतून. खिळे-स्क्रू लोखंडाचे नकोत. बाभूळ आणि खैर यांच्यातल्या तुरट अंशाशी लोखंडाचं जमत नाही, भोवती काळा डाग पडतो. पितळ गोड्या पाण्यात ठीक; खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि धातू ठिसूळ होतो.

रंगांच्या बाबतीत मराठी मुलूख श्रीमंत आहे, हे पुस्तकातल्या नमुन्यांवरून ध्यानात येतं. काळ्यासाठी टेंभुर्णीचा गाभा, त्याच झाडाच्या पानांच्या बिड्या होतात. जांभळट काळ्यासाठी शिसवी, पिवळ्यासाठी फणस आणि हेदू, तांबड्यासाठी खैर, पांढऱ्यासाठी पांगारा. मात्र हे जंगलातून आणायचं नाही. शिसवी आणि तिच्या जातीची सगळी झाडं २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत आहेत आणि राज्यात साग-शिसवीसारखी झाडं तोडायला १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. हस्तिदंताचा तर प्रश्नच नाही. लेखकांचं लाकूड येतं कुठून? मोडलेल्या पलंगांच्या पायांतून, वाड्यांच्या तुळयांतून, आणि कारखान्यांतल्या पॅकिंगच्या खोक्यांतून. खोक्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का आणि ‘एचटी’ अशी अक्षरं असली, तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं असतं, म्हणजे त्यात कीड नाही. ‘एमबी’ असेल तर ते विषारी वायूने धुरी दिलेलं. आमिषाच्या पेटीला ते वापरू नये, चुलीत तर घालूच नये. कुदळवाडीतल्या भंगाराच्या गोदामांत असली खोकी ढिगाने मिळायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली बांधकामं मोठ्या प्रमाणावर पाडली आणि हौशी सुतारांची ती पेठ विखुरली.

हे पुस्तक आत्ता का यावं, याचं उत्तर या पाडापाडीत थोडं आणि पॅटर्नशॉपच्या बंद दारांत जास्त आहे. लाकडी पॅटर्न आता रेझिनच्या ठोकळ्यातून यंत्रावर कापले जातात, नाही तर थेट छापले जातात. लाकडाची ओढ हाताला कळणारी माणसं निवृत्त होत आहेत. कोकणात फायबरच्या बोटींनी लाकडाला मागे टाकून बराच काळ लोटला, तिथलेही होडीचे सुतार दुसरी कामं करतात. दुसरीकडे तळवडे-चाकणमध्ये मशीनवर बसणाऱ्या तरुणांना मायक्रॉनचं भान आहे, पण लाकूड पावसाळ्यात वाढतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. लेखक या दोन पिढ्यांच्या मधे उभे आहेत. त्यांनी घरातल्या सुतारांना, मिरजेच्या वाद्यवाल्यांना, मालवणच्या होडीवाल्यांना विचारून जे जमवलं, ते आपल्या टूलरूमच्या शिस्तीने मांडलं. जाडी, कोन, ओल, सगळं आकड्यांत. कृती सांगताना ते कुठेही ‘अंदाजाने’ म्हणत नाहीत. आमचे मिस्त्री हाच शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरत, आणि त्यांचा अंदाज चुकत नसे, पण तो शिकवता येत नसे.

नक्षीच्या निवडीतलं त्यांचं तारतम्य मला आवडलं. देहूत राहून वीणा, तुळस, चिपळ्या या आकृत्या सुचणं साहजिक आहे. त्या त्यांनी फक्त नाळेतल्या तिकोनी फळीवर आणि नावाच्या पाटीवर घेतल्या. आडफळीवर माणूस बसतो, तळाच्या फळ्यांवर पाय पडतो, तिथे पानं, लाटा, माशांचे खवले, सरळ पट्ट्या. घरी आईने सांगितलं होतं, एवढंच कारण त्यांनी दिलं आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

आता मतभेद. लेझरने कापलेल्या जडावाला पुस्तकात जी जागा मिळाली आहे, ती मला जास्त वाटते. लेझर कड जाळतो, प्रत्येक तुकड्याभोवती काळी रेघ राहते आणि दहा पानं शेजारी ठेवली की ती छापल्यासारखी दिसतात. जळलेल्या कडेला डिंकही नीट धरत नाही. ती आधी घासून काढावी लागते आणि मग फट वाढते. लेखकांचं म्हणणं असं की नवशिक्याला पहिलं काम पुरं झालेलं दिसलं तरच तो दुसरं हाती घेतो. असेल. रंगीत ॲक्रिलिकबद्दल मात्र मी ऐकणार नाही. उन्हात ते लाकडापेक्षा कितीतरी जास्त वाढतं, आणि होडी उन्हापासून कायम झाकून ठेवायची असेल तरच त्याचा विचार करावा. वार्निशच्या थरांवरूनही आमचं जमलेलं नाही. ते सहा थर सांगतात. मी म्हणतो तीन थर द्या आणि दर वर्षी एक नवा; जाड थर चिरला की पाणी आत शिरतं आणि बाहेर निघत नाही.

मासे मोजून सोडायचा जो आग्रह पुस्तकात जागोजागी येतो, त्यामागे याच नदीची गोष्ट आहे. इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावते. तिथून जवळच, लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटा पॉवरचं महाशीरचं बीजकेंद्र सत्तरच्या दशकापासून चालू आहे आणि तिथली पिल्लं ठिकठिकाणच्या जलाशयांत सोडली गेली आहेत. त्याच नदीच्या खालच्या अंगाला, आळंदीपर्यंत, फेस आणि जलपर्णी. लेखक याबद्दल भाषण करत नाहीत. आडफळीवर पट्टी जडवतात आणि तिच्याजवळ ओल्या हाताने मासा धरायची सूचना लिहितात.

वाचकाने सुरुवात कुठून करावी, हे मला अनेकांनी विचारलं आहे. आमिषाच्या पेटीपासून करू नये. तिला सहा बाजू आहेत, बिजागऱ्या आहेत आणि ती दिवसभर ओली असते. सुकाणूचा दांडा गोल आहे, तो तिसऱ्या-चौथ्या कामाला. गळाच्या काठीचा ठोकळा घ्यावा: मुठीएवढा, सलग लाकडाचा, चुकला तर दुसरा करता येतो. त्याच्या माथ्यावर एकच पान, कलत्या करवतीने कापलेलं. आणि चिकटवायचं केव्हा, हे पुस्तकात एका ओळीत आहे ते इथे ठळक करतो. मे महिन्यात लाकूड हाडासारखं कोरडं असतं. तेव्हा घट्ट बसवलेला तुकडा जुलैत फुगून उसळतो. ऑगस्टमध्ये बसवलेल्याच्या भोवती एप्रिलपर्यंत फट पडते. लाकूड मध्यावर असतं ते पाऊस ओसरून थंडी लागेपर्यंत. पुस्तक आत्ता वाचून ठेवावं, करवतीचं टेबल लावून ठेवावं, रद्दी लाकडावर हात बसवावा. डिंकाचा डबा दिवाळीनंतर उघडावा.